धानाच्या तुसातून सिलिका: जाळण्यापासून जेलपर्यंत

वैनगंगेकाठच्या आमच्या चौरास भागात राईस मिल शोधायला पाटी वाचावी लागत नाही. मागच्या बाजूला तुसाचा ढीग दिसतो आणि त्याच्या शेजारी बॉयलरमधून निघालेली काळी-करडी राख. वारा सुटला की ही राख वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते आणि मिलवाल्याला शिव्या पडतात. मी शाळेत विज्ञान शिकवतो. एकदा वर्गात विचारलं, सिलिकॉन कुठं असतो? उत्तरं आली: कॉम्प्युटरमध्ये, मोबाइलमध्ये, अमेरिकेत. खिडकीतून तो ढीग दिसत होता, पण एकानंही तिकडं बोट केलं नाही.

त्यानंतर दर उन्हाळ्यात आम्ही तूस जाळतो, त्यातली सिलिका वेगळी काढतो, तिची ओल शोषणारी जेल बनवतो आणि बियाण्याच्या बरणीत ठेवतो. त्याच प्रयोगाची ही सविस्तर रीत. सांभाळायची गोष्ट मुख्यतः एकच आहे. रेती आणि तुसाची राख, दोन्ही सिलिकाच. फरक आहे तो आतल्या कणांच्या मांडणीचा, आणि ती मांडणी राखेच्या बाबतीत तुमच्या चुलीवर ठरते. जाळण्यात चूक झाली तर पुढं कितीही महागडं रसायन आणा, हाती काही लागत नाही.

आधी दोन गारगोट्या घासा

वैनगंगेच्या पात्रातून मुठीएवढ्या दोन पांढऱ्या गारगोट्या आणा. रात्री दिवा मालवून, डोळे अंधाराला सरावले की त्या एकमेकींवर जोरात घासा. दगडाच्या आत पिवळसर उजेड चमकतो आणि नाकाला जळकट वास येतो. पोरं दचकतात. हा क्वार्ट्झ, म्हणजे सिलिकाचं स्फटिकरूप. कठीणपणाच्या दहाच्या मोजपट्टीवर हा सातव्या पायरीवर बसतो. काच साडेपाचच्या आसपास असल्यानं गारगोटीनं काचेवर ओरखडा उठतो. सोलर पंपाचं पॅनेल पुसताना रेतीचा एक कण जरी फडक्यात अडकला तरी काच कायमची खरवडते ती याचमुळं. पॅनेलवर आधी नुसतं पाणी ओता, फडकं नंतर.

आता थोडं रसायन, कारण त्याशिवाय पुढच्या पायऱ्या म्हणजे पाककृतीच वाटतील. सिलिकॉनचा अणुक्रमांक १४. बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन, म्हणजे आवर्तसारणीत कार्बनच्या बरोबर खालचं घर. पृथ्वीच्या कवचात वजनानं पाहिलं तर ऑक्सिजन सुमारे ४६ टक्के आणि त्याच्या पाठोपाठ सिलिकॉन सुमारे २८ टक्के. तरी शुद्ध सिलिकॉन निसर्गात सहसा सापडत नाही, तो ऑक्सिजनला सोडतच नाही. स्वीडनच्या बर्झेलियसनं १८२४ मध्ये तो पहिल्यांदा वेगळा ओळखला, तोही पोटॅशियमसारख्या आगखाऊ धातूची मदत घेऊन.

कार्बन आणि सिलिकॉन शेजारी, दोघांचेही चार हात. मग कार्बन डायऑक्साइड वायू आणि सिलिकॉन डायऑक्साइड दगड, असं का? कार्बनचा अणू लहान. तो दोन ऑक्सिजनना दोन-दोन हातांनी घट्ट धरतो, त्याचा एक सुटा रेणू होतो आणि हवेत मोकळा फिरतो. सिलिकॉनचा अणू थोराड. त्याला असं दुहेरी धरणं पेलत नाही, म्हणून तो चार ऑक्सिजनना एकेका हातानं धरतो आणि प्रत्येक ऑक्सिजनचा दुसरा हात शेजारच्या सिलिकॉनच्या हातात असतो. हिशेब एकास दोनच राहतो, पण सुटा रेणू उरत नाही. रेतीचा अख्खा कण म्हणजे एकच विणलेलं जाळं. म्हणून ती वितळवायला १७०० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते.

हे जाळं कवायतीच्या रांगेसारखं शिस्तीत लागलं की क्वार्ट्झ. आठवडी बाजारातल्या गर्दीसारखं कसंही लागलं की अस्फटिकी सिलिका. हात तेवढेच, माणसं तीच. पण गर्दीत फटी असतात आणि फटीतून बाहेरचा माणूस घुसतो. साध्या तापमानाला एक लिटर पाण्यात क्वार्ट्झ जेमतेम ६ ते ११ मिलिग्रॅम विरघळतो, अस्फटिकी सिलिका शंभराच्या वर. आपला सगळा उद्योग या फरकावर चालतो.

तुसात सिलिका आली कुठून

धानानं ती बांधीतल्या, म्हणजे धानाच्या शेतातल्या, पाण्यातून प्यायली. माती आणि खडक झिजताना सिलिकाचा अगदी थोडा भाग सिलिसिक आम्ल होऊन पाण्यात येतो. धानाची मुळं ते ओढून घेण्यात पटाईत आहेत. मुळांतलं ओढून घेणारं जनुक जपानच्या ओकायामा विद्यापीठातले जियान फेंग मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये शोधलं. पाणी पानांतून उडून जातं, सिलिका मागं राहते आणि पानाच्या, खोडाच्या, तुसाच्या सालीत थर धरून बसते. धानाचं पान बोट कापतं ते यामुळंच, आणि ज्या धानात सिलिका भरपूर असते त्याची पानं ताठ राहतात, करप्याला आणि खोडकिड्याला ते जड जातं. मिलमधल्या रोलरचं रबर भराभर झिजतं, त्यातही या कठीण सालीचा वाटा आहे.

हिशेब मांडायचा तर १०० किलो धानातून साधारण २० किलो तूस निघतं, तेवढं तूस जाळून ४ किलोच्या आसपास राख उरते आणि राखेचा ८५ ते ९५ टक्के भाग सिलिका असतो. बाकीच्यात पोटॅशियम, कॅल्शियम आणि न जळलेला कोळसा. यातला पोटॅशियम दिसायला किरकोळ, पण सगळा घोटाळा तोच करतो.

काय काय लागेल

पाव किलो कोरडं तूस. मिलमधून आणताना कोंडा मिसळलेलं घेऊ नका, त्यात तेल असतं. १०० ग्रॅमच्या आत लिंबूसत (सायट्रिक आम्ल). कॉस्टिक सोडा, फक्त १६ ते २० ग्रॅम. खाण्याचं पांढरं व्हिनेगर सहाशे मिली. लोखंडी कढई, स्टीलचे दोन गंज (पातेली), जुनं पण धड सुती कापड, शाळेत असेल तर गाळणकागद, ग्रॅम दाखवणारा वजनकाटा, हळद आणि कोरा कागद. हळदीच्या पाण्यात कागद बुडवून सावलीत वाळवा आणि पट्ट्या कापा, हा आपला पीएच पेपर.

जर्मनचं भांडं अजिबात वापरू नका. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातं आणि त्यातून हायड्रोजन निघतो, शेजारी चूल असते. कॉस्टिकचं काम मोठ्या माणसानं करायचं, रबरी हातमोजे आणि चष्मा घालून. मुलांनी दोन पावलं मागं उभं राहून पाहायचं. पहिल्या वर्षी मी चष्म्याशिवाय काम केलं, एक थेंब भुवईवर उडाला आणि आठ दिवस तिथली कातडी सोलत होती. थेंब दोन बोटं खाली पडला असता तर डोळाच होता. बादलीभर साधं पाणी हाताशी ठेवा. डोळ्यात उडालं तर पंधरा-वीस मिनिटं धार धरून धुवायचं आणि थेट दवाखाना गाठायचा.

धुळीचंही तेच. मिलची जुनी राख चाळायला जाऊ नका. बॉयलरमध्ये ती फार तापलेली असते आणि तिच्यात स्फटिकी सिलिका असू शकते. स्फटिकी सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात रुतली की सिलिकोसिस होतो, तो बरा होत नाही. गिट्टी क्रशरवर काम करणाऱ्यांचा हाच आजार. तोंडाला रुमाल बांधणं म्हणजे मनाचं समाधान, एन-९५ मास्क लावा.

तूस धुणे

पाव किलो तुसाचे दोन सारखे वाटे करा. एक तसाच ठेवा. दुसरा स्टीलच्या गंजात घालून त्यावर दीड लिटर पाणी आणि ७५ ग्रॅम लिंबूसत टाका आणि मंद आचेवर, उकळी फुटू न देता तासभर ठेवा. पाणी चहासारखं तपकिरी होतं. गाळा, साध्या पाण्यानं तीन-चारदा खळखळून धुवा आणि उन्हात वाळवा. मे महिन्यातल्या आमच्या उन्हाला दुपार पुरते.

लिंबूसतानं काय केलं? पोटॅशियम आणि कॅल्शियम पाण्यात ओढून नेलं. प्रयोगशाळेत यासाठी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात, पण गावात लिंबूसत किराणा दुकानात मिळतं आणि हात भाजत नाही.

जाळणे

इथं घाई करणाऱ्यानं पुढचं वाचू नये.

अंगणात, वारा पडलेला असताना, चुलीवर लोखंडी कढई ठेवा. आधी न धुतलेला वाटा घ्या. थोडं थोडं तूस टाकत उलथण्यानं हलवत राहा. सुरुवातीला दाट पांढरा धूर निघतो, मग सगळं काळं होतं, मग काळ्या कणांच्या कडा लाल धुमसू लागतात. आता मोठी ज्वाळा नको. नुसती धग हवी आणि वरून हवा. तीन-चार तास लागतात. आमच्याकडे पहिल्यांदा हे करताना शेजारच्या आजी ओट्यावरून पाहत होत्या. शेवटी न राहवून म्हणाल्या, "गुरुजी, राखच त हाये जी, तिले एवढं का भाजता?"

भाजतो ते ताप सांभाळून. तापमापक नसला तरी कढईचा बूड रंग सांगतो. संध्याकाळच्या अंधारात लोखंड जेमतेम लालसर दिसू लागलं की ५०० ते ५५० अंश. पिकल्या चेरीसारखं लाल झालं की ७५० च्या घरात. नारिंगी दिसलं की ९०० ओलांडले. आपल्याला पहिल्या रंगावर थांबायचं आहे, दुसऱ्याला हात लावायचा नाही. साधारण ७०० पर्यंत तुसातली सिलिका विस्कळीतच राहते. ८००-९०० च्या पुढं कण हलायला मोकळे होतात आणि रांगेत लागू लागतात, क्रिस्टोबलाइट नावाचं स्फटिकरूप तयार होतं. एकदा रांग लागली की आपल्या कॉस्टिकला ती मोडता येत नाही.

पोटॅशियमचा घोटाळा इथंच दिसतो. तो सिलिकासोबत असला की ती लवकर मऊ पडते, कणाच्या पृष्ठभागावर काचेसारखा पापुद्रा धरतो आणि आतला कोळसा कोंडला जातो. मग कितीही भाजा, राख काळपट ती काळपटच. जाळ वाढवावा तर स्फटिक होण्याची भीती, न वाढवावा तर काळेपणा जात नाही. मातीच्या भांड्यावर राखेची झिलई चढवणारे कुंभार याच गुणाचा उपयोग करतात. आपल्याला तो नको आहे.

आता धुतलेला वाटा त्याच आचेवर भाजा. तो बराच लवकर आणि बराच पांढरा होतो. दोन्ही राखा दोन कागदांवर शेजारी ठेवल्या की फळ्यावर लिहिलेलं समजावून सांगावं लागत नाही. भिंग असेल तर पांढऱ्या राखेतला एक अखंड कण पाहा. तुसाची होडी जशीच्या तशी असते, वरच्या बाजूला मक्याच्या कणसासारख्या उंचवट्यांच्या रांगा. सेंद्रिय भाग जळून गेला आणि सिलिकाचा सांगाडा उभा राहिला. फुंकर मारू नका, मी मारली होती.

सव्वाशे ग्रॅम तुसातून २० ते २५ ग्रॅम राख मिळते. त्याहून जास्त भरली तर तुसात माती होती असं समजा.

रेती आणि राख, दोघींची परीक्षा

स्टीलच्या गंजात २०० मिली पाणी घ्या आणि त्यात ८ ग्रॅम कॉस्टिक थोडं थोडं टाका. पाण्यात कॉस्टिक टाकायचं, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही. पाणी आपोआप गरम होतं. त्यात २० ग्रॅम पांढरी राख टाकून तासभर मंद उकळत ठेवा, अधूनमधून स्टीलच्या चमच्यानं हलवा आणि आटलेलं पाणी भरून काढा. दुसऱ्या गंजात अगदी हेच प्रमाण, फक्त राखेऐवजी धुतलेली बारीक रेती. ही दुसरी चूल बहुतेक जण टाळतात. टाळू नका, प्रयोगाचा प्राण तीच आहे.

तासाभरानं दोन्ही थंड होऊ द्या आणि दुहेरी कापडातून, मग गाळणकागदातून गाळा. राखेच्या गंजात तळाशी थोडा काळा चोथा उरतो, बाकी राख पाण्यात गडप. रेतीच्या गंजात रेती जशी टाकली तशी, वाळवून वजन करा, जवळपास तेवढीच भरेल. दोन्ही गाळलेली पाणी दिसायला सारखीच. पण एकात सोडियम सिलिकेट आहे, ज्याला बाजारात जलकाच म्हणतात, आणि दुसऱ्यात नुसतं कॉस्टिक.

कॉस्टिकमधला हायड्रॉक्साइड सिलिकॉनच्या जाळ्यातला एकेक जोड तोडत जातो. विस्कळीत जाळ्यात त्याला शिरायला वाटा मिळतात, रांगेतल्या जाळ्यात मिळत नाहीत. रेतीही विरघळते, पण त्यासाठी सोड्यासोबत हजार अंशांच्या वरची भट्टी पेटवावी लागते. कारखान्यात रेतीपासून जलकाच तशीच करतात. तुसाच्या राखेसाठी घरची चूल पुरते.

सोबत मिलच्या बॉयलरची राख घेऊनही हीच परीक्षा करता येईल, पण ती ओली करून, न उडवता घ्या. चोथा जितका जास्त उरेल तितकं त्या बॉयलरनं तूस जास्त तापवलं, किंवा अर्धवट जाळलं. काळा, हलका चोथा म्हणजे कोळसा. करडा, खरखरीत म्हणजे स्फटिक.

गाळलेलं पाणी काचेच्या बुचाच्या बाटलीत ठेवू नका. काचसुद्धा सिलिकाच, बूच कायमचं चिकटतं. प्लास्टिकची बरणी बरी.

जेल लावणे

लावणे हाच शब्द योग्य, कारण हे दही लागण्यासारखं आहे. राखेचं गाळलेलं पाणी स्टीलच्या गंजात घ्या. व्हिनेगर थेंबाथेंबानं, सतत ढवळत टाका. हळदीची पट्टी बुडवून पाहत जा. सुरुवातीला ती लाल-तपकिरी होते, कारण पाणी अल्कधर्मी आहे. साधारण सव्वाशे मिली व्हिनेगर गेल्यावर घाई थांबवा आणि चमच्या-चमच्यानं टाका. २५० ते ३०० मिलीच्या दरम्यान पट्टी पिवळी राहू लागते. तिथं थांबा. व्हिनेगर एकदम ओतलंत तर जागोजागी गुठळ्या होतात, फाटलेल्या दुधासारख्या, आणि मधलं पाणी तसंच राहतं.

व्हिनेगरनं सोडियम काढून घेतला की सिलिसिक आम्लाचे सुटे कण उरतात. ते एकमेकांना चिकटतात, प्रत्येक जोडामागं पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि जाळं परत विणलं जातं. कढईत राख म्हणून जे जाळं होतं तेच, पण आता कितीतरी विरळ, पोटात पाणी धरून. रेतीच्या पाण्यातही तेवढंच व्हिनेगर टाकून ठेवा. त्यात काही लागत नाही.

गंज झाकून रात्रभर ठेवा. सकाळी जेल सुरीनं कापता येते. तुकडे करून कोमट पाण्यानं चार-पाचदा धुवा, नाहीतर सोडियम ॲसिटेटचं मीठ आत राहतं. धुतलेलं हे खारट पाणी बांधीत किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नका, भरपूर पाणी घालून मोरीत सोडा. रेतीचं पाणीही व्हिनेगर घातल्यावरच फेका, कॉस्टिकचं पाणी तसंच नालीत सोडणं म्हणजे कुणाच्या तरी गुरांचं तोंड पोळणं.

तुकडे ताटात पसरून कापडानं झाकून दोन दिवस उन्हात ठेवा. गंजभर जेलची मूठभर पांढरी खडी होते. शेवटी तव्यावर मंद आचेवर, ११० ते १२० अंशांच्या आसपास, दोन तास. पाण्याचा शिंतोडा लगेच उडून जाईल पण कागद पिवळा पडणार नाही इतकीच धग. आम्हाला २० ग्रॅम राखेतून कधी बारा, कधी चौदा ग्रॅम मिळते. पहिल्या वर्षी सात मिळाली होती, कारण कढई नारिंगी झाली होती.

बुटाच्या खोक्यात जी "खाऊ नका" लिहिलेली पुडी असते ती हीच. फक्त कारखान्यातले मणी गोल आणि टणक असतात, आपली खडी ओबडधोबड आणि ठिसूळ. चांगल्या जेलच्या एका ग्रॅममधल्या सूक्ष्म भोकांच्या भिंती उलगडून पसरल्या तर ६०० ते ८०० चौरस मीटर भरतात. त्या भिंतींवर पाण्याची वाफ चिकटून बसते.

मोरचुदाची बाग

हे काही उपयोगाचं नाही, पण पोरं वर्षभर याचीच वाट पाहतात. राखेचं गाळलेलं पाणी थोडं जास्त करून त्यातला एक वाटा बाजूला काढा आणि आटवून निम्मा करा. थंड झालं की काचेच्या ग्लासात ओता आणि हलवायचं नाही असं सगळ्यांना बजावा. त्यात मोरचुदाचे दोन-तीन खडे, हिराकशीचा एक खडा सोडा. संत्र्यावर फवारायला बोर्डो मिश्रण करणाऱ्या घरी मोरचूद असतोच. काही मिनिटांत खड्यांतून निळ्या आणि हिरवट फांद्या वर चढू लागतात. खडा विरघळताना त्याच्याभोवती तांब्याच्या किंवा लोखंडाच्या सिलिकेटचा पातळ पडदा तयार होतो, बाहेरचं पाणी त्या पडद्यातून आत घुसतं, पडदा फुटतो, आतला द्रव उसळून वर येतो आणि तिथं नवा पडदा. जर्मनीच्या ग्लाउबरनं १६४६ मध्ये ही गंमत लिहून ठेवली होती. ग्लास लगेच धुवा, वाळल्यावर निघत नाही.

मग सिलिकॉन कुठं?

इतकं सगळं करून शुद्ध सिलिकॉनचा एक कणही आपल्या हाती आलेला नाही, हे वर्गात सांगितलं की नाराजी पसरते. सिलिकापासून ऑक्सिजन तोडायला कार्बनसोबत विजेच्या भट्टीत २००० अंशांच्या जवळ तापवावं लागतं. निघतो तो राखाडी, चकचकीत, ठिसूळ पदार्थ, १४१४ अंशांना वितळणारा. चुलीचं ते काम नाही. तो पाहायचा असेल तर सोलर पंपाच्या पॅनेलजवळ जा. काचेखालच्या गडद निळ्या-काळ्या चकत्या म्हणजे सिलिकॉन, ज्यात एका बाजूला किंचित बोरॉन आणि दुसऱ्या बाजूला किंचित फॉस्फरस मिसळून वीज एकाच दिशेनं वाहायला लावलेली आहे. एका चकतीचा दाब अर्ध्या व्होल्टच्या थोडा वर, म्हणून त्या साखळीनं जोडतात. ऊन वाढलं की वीज वाढते, पण उष्णता वाढली की कमी होते: दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के. चकती ६५ अंशांना तापली तर २५ अंशांच्या मापाच्या तुलनेत १२ ते १६ टक्के गेले. मे महिन्यात ऊन रग्गड असूनही पंप कुरकुरतो तो यामुळं, दर वेळी मेकॅनिकला बोलावू नका.

नळाच्या सांध्यात भरतात ते सिलिकोन वेगळं. त्यात सिलिकॉन-ऑक्सिजनची साखळी आणि तिला लटकलेले कार्बनचे गट असतात, म्हणून ते रबरासारखं वाकतं. कपाशीच्या फवाऱ्यात पाणी पसरावं म्हणून टाकतात त्या स्प्रेडरमध्येही बऱ्याचदा हेच कूळ असतं. नावातला फरक एका मात्रेचा, गुणात जमीन-अस्मानाचा.

पऱ्ह्यासाठी कोणती राख

इथं लोक उलटं करतात. पांढरी, भरपूर जळालेली राख चांगली समजतात. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीत पहिलंच सूत्र धानाचे अवशेष शेतात परत देण्याचं आहे, आणि पऱ्ह्याच्या (धानाच्या रोपांच्या) वाफ्यात तुसाची काळी राख घालायला सांगितली आहे, चौरस मीटरला अर्धा ते एक किलो. काळीच का, हे आता सांगायला नको: कमी तापात जळालेली, विस्कळीत सिलिका, पाण्यात हळूहळू सुटणारी. तिला लिंबूसतानं धुवायचंही कारण नाही, तिथला पोटॅशियम पिकाला हवाच आहे. तूस पसरट ढिगात, मध्ये भोकं पाडलेला पत्र्याचा डबा आणि त्यावर पाइप ठेवून धुमसवा, काळं झालं की पाणी मारून विझवा. बी टाकण्यापूर्वी वरच्या मातीत मिसळा. ज्याला जेल करायची आहे त्यानं कढई घ्यावी, ज्याला पऱ्हे टाकायचे आहेत त्यानं डबा.

बियाण्याची बरणी

वांगे, टमाटर, लवकी, सांबार (कोथिंबीर), जे बी पुढच्या हंगामासाठी ठेवायचं आहे ते आधी सावलीत वाळवा. घट्ट झाकणाची बरणी घ्या. बियांच्या वजनाइतकीच सुकी जेल कापडी पुरचुंडीत बांधून आत ठेवा आणि झाकण लावून आठवडाभर विसरून जा. मग जेल काढून बी दुसऱ्या कोरड्या, हवाबंद बरणीत हलवा. मोठ्या बिया थोडा जास्त वेळ घेतात. चवळीसारखं बी फार दिवस जेलसोबत ठेवलं तर अति वाळून टणक होतं, पेरण्यापूर्वी रात्रभर उघड्यावर ठेवावं लागतं.

जेल पाण्यानं भरली हे डोळ्यांना कळत नाही. बाजारातली निळी जेल गुलाबी होते, पण तो रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो, त्याला खाण्याच्या वस्तूंजवळ ठेवू नका. आपल्या पांढऱ्या खडीसाठी वजनकाटा आहे. पुरचुंडी बांधताना सुकं वजन चिठ्ठीवर लिहून तिलाच टाचा. ते पाचवा हिस्सा वाढलं की खडी परत तव्यावर, दोन तास, कागद पिवळा न पडेल अशा आचेवर. थंड होताना ती उघडी राहू देऊ नका, रोवणीच्या दिवसांत तर अजिबात नाही. तव्यावरून थेट कोरड्या डब्यात टाका, झाकण लावा आणि मग निवू द्या. आमच्या शाळेतली एक पुरचुंडी चौथ्या पावसाळ्यात आहे. चिठ्ठीवरचं सुकं वजन १३ ग्रॅम, काल सकाळी भरलं १५.८, म्हणून आज ती तव्यावर चढली आहे.